मांडवा ते हरिहरेश्वर सायकलवर, आणि ते पण भरती-ओहोटी बघून

सगळ्यात आधी हे सांगते की ही ट्रिप फिट लोकांसाठी नाहीये. मी दादरला राहते, वय 46, शनिवार-रविवार पहाटे मरीन ड्राइव्हपर्यंत जाऊन येते, एवढाच काय तो सराव. तरी आम्हा तिघींचं सात दिवसांत आरामात झालं, कारण सहावा दिवस सोडला तर रोज 25-30 किमीच्या वर सायकल हाणायची नाही असं आधीच ठरवलं होतं. ज्यांना एका दिवसात मुरुड गाठायचंय त्यांनी खुशाल गाठा, पण मग त्यांना कोकण दिसत नाही, फक्त पुढच्याचं मागचं चाक दिसतं.

कधी जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. इथपर्यंत सगळेच सांगतात, पण महिन्यापेक्षा तिथी महत्त्वाची आहे. कोकणातल्या लोकांना माहीत असलेला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. म्हणजे चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, तर 3 वाजता पूर्ण भरती (पहाटे पण आणि दुपारी पण), आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे 9 च्या सुमाराला पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून मोजायचं. दर दिवशी पाऊण तास पुढे. मिनिटाला मिनिट जुळत नाही पण सायकलवाल्याला एवढं पुरतं.

आता याचा उपयोग काय तर वाळूत सायकल चालते ती फक्त ओहोटीला, पाणी मागे गेल्यावर जी ओली घट्ट वाळू उरते तिच्यावर. शिवाय हरिहरेश्वरची प्रदक्षिणा पण ओहोटीलाच करता येते. म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला निघा. पाचव्या दिवशी चतुर्थीला दिवेआगरच्या किनाऱ्यावर सकाळी 9 ला ओहोटी मिळते आणि सातव्या दिवशी षष्ठीला हरिहरेश्वरला साडेदहाला. एकदम फिट बसतं. आमच्या सासूबाई म्हणाल्या अमावास्येला कोण निघतं गं घराबाहेर, म्हणून आम्ही पौर्णिमा धरली, तर दिवेआगरला नेमकी संकष्टी आली आणि गणपतीच्या देवळात ही रांग! तुमच्या घरी चालत असेल तर अमावास्याच बघा.

दुसरं म्हणजे दिशा. उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा. थंडीत सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, थंड आणि हलका, आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो तो बहुतेक वायव्येकडून, म्हणजे दक्षिणेला जाताना पाठीवर. उलटं आलात तर दुपारी तोच वारा तोंडावर घेऊन पॅडल मारायचं, सपाट रस्त्यावर पण घाट चढल्यासारखं वाटतं.

सायकल कुठलीही चालेल, फक्त गिअर हवेत आणि टायर बारीक नकोत. रोडबाईक घरीच ठेवा. एक गोष्ट मात्र निघायच्या आधी बघून घ्या, ती म्हणजे ट्यूबचा व्हॉल्व्ह. बऱ्याच नव्या सायकलींना तो बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि गावातल्या पंक्चरवाल्याकडचा हवेचा पाइप असतो मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हचा. तो भला माणूस कितीही मदत करायला तयार असला तरी हवा भरता येत नाही. बाजारात पितळेचा छोटासा अडॅप्टर मिळतो, तो घ्या आणि पाकिटातच ठेवा. बाकी दोन ट्यूब, पंप, चेनचं तेल, आणि सामान कॅरिअरवर, पाठीवर सॅक अजिबात नको, दोन तासांत पाठीची वाट लागते.

मुंबईतून निघायला भाऊचा धक्का. तिथून मांडव्याला रो-रो बोट जाते, सायकल चालवतच आत न्यायची, गाड्यांच्या शेजारी उभी करायची आणि वर जाऊन चहा प्यायचा, तासाभरात मांडवा. शनिवार-रविवारचं तिकीट आधी काढून ठेवा, किंवा मधल्या वारी जा, जे मी केलं.

मांडव्यावरून अलिबागचा मोठा रस्ता धरू नका, सगळ्या मुंबईच्या गाड्या तिथूनच पळतात. सासवणे, आवास, किहीम असं आतून जा. सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर आहे, आता म्युझियम आहे, पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ज्यांनी केला तेच करमरकर. मी दहा मिनिटं म्हणून थांबले आणि दीड तास गेला. पहिल्या दिवसाचा मुक्काम नागावला करा. वाटेत आक्षीला रस्त्याच्या कडेला एक शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक, गाडीतून जाताना कधीच दिसला नव्हता मला, आणि कितीतरी वेळा गेलेय त्या रस्त्याने.

दुसरा दिवस नागाव ते काशीद. चौलपर्यंत दोन्ही बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या, सावलीच सावली, हा पट्टा मुद्दाम हळू करा. रेवदंड्याला रस्ता चक्क पोर्तुगीजांच्या तटबंदीतून आत जातो. पुढे साळावचा पूल ओलांडला की समुद्र उजव्या हाताला येतो. कोर्लईला गावात चहा प्या, तिथल्या ख्रिश्चन घरांमध्ये अजून पोर्तुगीज मिसळलेली त्यांची स्वतःची बोली बोलतात. मी टपरीवर दोन मावशींचं बोलणं ऐकत बसले, एक अक्षर कळलं नाही, मग एकदम मराठीत "बाय, एकटीच का?" काशीदच्या अलीकडे चढ आहे, उतरून ढकला, लाजायचं काय त्यात.

तिसऱ्या दिवशी फक्त 20 किमी, मुरुड, आणि दुपारी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. चौथ्या दिवशी आगरदांड्याहून फेरीबोट, खाडी ओलांडून दिघी. दिघीच्या आसपास बंदराचे ट्रक असतात आणि चढ पण आहे, त्यामुळे सकाळी लवकर उरका. मग आडगाव, वेळास करत दिवेआगर.

दिवेआगरला दोन रात्री ठेवा, ठेवाच. जेवण घरगुती, पण आदल्या दिवशी सांगावं लागतं, आयत्या वेळी गेलात तर वहिनी हसून म्हणतात आता कुठून आणू मोदक. आमच्या घरमालक काकांची सुपारीची वाडी होती. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा अर्धीअधिक पोफळ आडवी झाली, आणि पोफळ काही वर्षभरात उभी राहत नाही, धरायलाच पाच-सात वर्षं जातात. त्यांनी नवीन रोपं दाखवली, माझ्या डोक्याच्या वर गेलेली. हे सगळं ऐकायला वेळ असला पाहिजे, म्हणून दोन रात्री.

चतुर्थीच्या सकाळी किनारा. टायरमधली हवा थोडी कमी करा, आणि जिथे वाळू काळपट ओली दिसते तिथूनच चालवा, चार-पाच किमी सरळ किनारा आहे, हात सोडून चालवलं तरी चालेल (मी नाही सोडले). लाटेत मात्र सायकल घालू नका. मी फोटोसाठी घातली, रात्री कंटाळा केला, आणि सकाळी चेन तांबडी! मग काकूंचं शिलाई मशीनचं तेल घालून कशीबशी चालू केली. किनाऱ्यावरून आल्या आल्या गोड्या पाण्याने धुवा, पुसा, तेल घाला, मगच आंघोळीला जा.

सहावा दिवस या ट्रिपमधला सगळ्यात भारी. भरडखोल, शेखाडी, आरावी, श्रीवर्धन. रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की मधे फक्त खडक. भरडखोलला सुकत घातलेल्या मासळीचा वास येईल, नाक मुरडू नका, बोटी बघा. श्रीवर्धनला जेवून, दुपार झोपून, चार वाजता हरिहरेश्वरकडे निघालात की अंधाराच्या आत पोचता, मधे चढ आहे हे धरून चाला.

प्रदक्षिणेबद्दल गंभीरपणे सांगते. पायऱ्या उतरून खडकांवरून जो मार्ग आहे तिथे लाटेने माणसं ओढून नेली आहेत. हिशोबाने साडेदहा आली तरी आधी देवळापाशी विचारा, आणि ते नको म्हणाले तर नको.

परतायचं कसं हा खरा डोकेदुखीचा भाग. एसटीच्या टपावर सायकल जाते, पण त्या गाडीला कॅरिअर असायला हवा आणि कंडक्टर तयार हवा. माणगावला कोकण रेल्वे आहे पण गाडी इतकी कमी थांबते की सायकल चढवताना जीव वर येतो. आम्ही तिघींनी मिळून छोटा हत्ती केला, माणशी फार पडले नाहीत. मुक्कामाच्या ठिकाणीच विचारा, कोणाचा तरी भाचा मुंबईला माल घेऊन जातच असतो. जुनी चादर मागून घ्या आणि सायकलींच्या मधे घाला, आणि डिरेलरची (मागच्या चाकापाशी गिअर बदलणारा भाग असतो त्याची) बाजू वर ठेवून झोपवा, आमच्या एकीची खाली गेली होती तर पनवेलपर्यंत वाकडी झाली.