गहू सोडण्याआधी रक्त तपासा: ऑटोइम्यून आजारात या चुका टाळा

ऑटोइम्यून आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. संधिवात, हाशिमोटो (थायरॉइडचा), सोरायसिस (त्वचेचा), निदान काहीही असो. आठवड्याभरात गहू, दूध, अंडी सगळं एकदम बंद! नव्याने निदान झालेल्या कितीतरी जणांकडून हेच ऐकते आणि जीव तुटतो.

संधिवाताचं निदान झाल्यावर मीही गहू सोडला होता. पोट हलकं झालं, थकवा कमी झाला. चार महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं, "सोडण्याआधी सिलिअ‍ॅकची तपासणी केली होती?" केली नव्हती. सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा ऑटोइम्यून आजार. या तपासणीत रक्तातल्या टीटीजी अँटिबॉडी मोजतात. ग्लुटेन बंद केलं की त्या ओसरत जातात आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून मला सहा आठवडे रोज गहू खावा लागला. पोटफुगी, जुलाब, उठवत नसे. शेवटी टीटीजी वाढलेली आली, एंडोस्कोपीत आतड्याचा तुकडा तपासला आणि सिलिअ‍ॅक नक्की झाला. संधिवाताच्या गोळ्या चालू राहिल्याच, पण गहू, सातू (जव) आणि राय हे धान्य जन्मभर पूर्ण बंद. "थोडंसं चालेल" हे माझ्यासाठी संपलं. आधीच रक्त दिलं असतं, तर ते सहा आठवडे वाचले असते.

कोणता पदार्थ सोसत नाही हे शोधायला शेकडो पदार्थांच्या आयजीजी (रक्तातली एक प्रकारची अँटिबॉडी) चाचणीवर पैसे घालवू नका. आयजीजी एवढंच सांगते की तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे. रोजचंच जेवण 'संवेदनशील' ठरतं आणि लोक घाबरून ताट रिकामं करतात.

पदार्थ वर्ज्य करून बघायचाच असेल, तर डॉक्टरांना सांगून एका वेळी एकच. मी तीन-चार आठवडे बंद ठेवते, मग परत खाऊन तीन दिवस थांबते. सकाळी बोटं किती मिनिटं आखडलेली राहिली, हे वहीत लिहिते. हा आजार आपोआपही चढतो-उतरतो, त्यामुळे दोन दिवसांच्या आरामावरून "दूध सोडलं आणि बरं वाटलं" म्हणणं घाईचं आहे. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा श्वास अडकत असेल, तर असे प्रयोग घरी अजिबात नकोत.

बरं वाटतंय म्हणून स्टिरॉइड एकदम थांबवू नका, जिवावर बेतू शकतं.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर घात होतो.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्या. लोह-कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, आकडे चुकीचे येऊ शकतात.