गडग्याला गाडी घासली तर
वाड्यावरच्या अरुंद वाटेत गाडी चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, घासली, की आधी ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. अडकलं नाही, तर रबिंग कंपाउंड (ओरखडे घासून घालवायची पेस्ट) आणि मऊ फडकं पुरे. अडकलं, तर टचअपचा रंग हवा. पत्राच दिसत असेल तर उद्यावर टाकू नका, गोव्याच्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. तो घासून काढा, प्रायमर लावा, मग रंगाचे पातळ थर, एक सुकला की दुसरा. बारीक रेघेला ब्रशपेक्षा काडेपेटीची काडी बरी. रंगाचा कोड बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असतो. मी नुसता ‘पांढरा’ मागितला होता, तो ठिपका अजून दुधी दिसतो! आणि भर पावसाळ्यात हे काम नकोच, दमट हवेत रंग नीट सुकत नाही.