पागडीचं घर, पन्नास चौरस फुटांची खोली

मुलुंडची आमची पागडीची (एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर राहायची) इमारत पुनर्विकासाला गेली. भाड्याच्या वन-बीएचकेत मावेना म्हणून उरलेलं सामान पन्नास चौरस फुटांच्या स्टोरेज खोलीत टाकलं. 'टाकलं' हाच शब्द बरोबर. टेम्पोवाल्याला घाई, मला कंटाळा. गणपतीआधी मखर काढायला गेलो तर ते पार मागच्या भिंतीला, आणि गोधड्यांना पावसाळ्याचा कुबट वास.

मग ऑक्टोबरच्या उन्हात सगळं बाहेर काढलं. गोधड्या प्लास्टिकमध्ये करकचून बांधल्या होत्या, तीच चूक. आत राहिलेला दमटपणा बाहेर पडायला वाटच नव्हती. दोन दिवस कडक ऊन देऊन त्या जुन्या सुती चादरीत गुंडाळल्या, आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवल्या. फ्रिज कोरडा पुसून दारात फडक्याची घडी अडकवली, म्हणजे दार किलकिलं राहतं. पुस्तकं छोट्याच खोक्यांत, मोठं खोकं तळातून फाटतं. जमिनीवर लाकडी पॅलेट, भिंतीपासून चार बोटं अंतर, मधे माणूस जाईल एवढी वाट. खोक्यांवर नंबर, वहीत यादी, मखर दाराशी.

तुटका मिक्सर, तीन रिकामे सूटकेस भंगारात गेले. पितळी घंगाळावर मात्र बायकोशी तासभर वाद झाला. ते आता भाड्याच्या घराच्या बाल्कनीत आहे, त्यात मनीप्लांट लावलाय.