नेटवर्क कार्ड नसलेले दोन संगणक थेट कसे जोडावेत

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमाग कारखान्याच्या कचेरीत विंडोज ९८वर चालणारा एखादा संगणक अजूनही आढळतो, कारण चादरींची जुनी डिझाइन्स किंवा मागील हिशेब त्यातच असतात. त्यात नेटवर्क कार्ड नसते, ड्रायव्हरशिवाय पेनड्राइव्ह तो ओळखत नाही आणि सुताच्या धुळीत राहिलेल्या फ्लॉपी ड्राइव्हचा भरवसा धरता येत नाही. हार्ड डिस्क काढून अडॅप्टरने नव्या संगणकाला जोडणे हा सर्वांत वेगवान मार्ग आहे, यात शंका नाही. परंतु वर्षानुवर्षे एका जागी फिरलेली डिस्क हलवण्याची जोखीम नको असेल आणि मजकूर थोडा असेल, तर सिरियल पोर्टने (संगणकाच्या मागील नऊ पिनांच्या जुन्या जोडणीने) थेट जोडणी करावी.

आधी वेगाचा हिशेब करावा. या पोर्टवर साधारणतः सेकंदाला जास्तीत जास्त १,१५,२०० बिट जातात आणि प्रत्येक बाइटमागे सुरुवातीचा व शेवटचा बिट धरून १० बिट खर्च होतात; म्हणजे सेकंदाला सुमारे ११.५ किलोबाइट. १०० मेगाबाइटला अडीच तास लागतील. म्हणून फाइली झिप करूनच पाठवाव्यात. हिशेबाच्या फाइली आणि मोजक्या रंगांची डिझाइन्स चांगलीच आकसतात.

केबल घेताना दुकानात नुसती ‘सिरियल केबल’ मागितल्यास सरळ तारांची केबल मिळण्याचा संभव असतो आणि ती येथे निरुपयोगी ठरते, कारण दोन्ही संगणक एकाच पिनेवरून बोलतात व एकाच पिनेवर ऐकतात. ‘नल मोडेम केबल’, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या तारा उलटसुलट जोडलेली केबल, असे स्पष्ट सांगावे. तिच्या दोन्ही टोकांना नऊ छिद्रांचे, म्हणजे फिमेल, कनेक्टर असावेत. स्वतः डाग देऊन केबल बनवायची असल्यास एका टोकाची २ क्रमांकाची पिन दुसऱ्या टोकाच्या ३ला, ३ची २ला आणि ५ची ५ला जोडावी; तसेच ७ची ८ला व ८ची ७ला जोडून, प्रत्येक टोकाची ४ क्रमांकाची पिन समोरच्या ६ आणि १ या दोन्हींना द्यावी. नव्या संगणकाला सिरियल पोर्ट नसेल, तर यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावून त्याला मिळालेला कॉम (पोर्टचा) क्रमांक डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहून ठेवावा. दोन्ही बाजूंना यूएसबी प्लग असलेली साधी केबल मात्र कदापि वापरू नये, कारण दोन्ही संगणक तिच्यात पाच व्होल्ट सोडतात.

जोडणीपूर्वी प्रत्येक पोर्ट वेगळा तपासावा. ही पायरी गाळली की पुढे दोष केबलचा, पोर्टचा की सेटिंगचा, हे कळत नाही. जुन्या संगणकावर हायपरटर्मिनल (विंडोज ९८मधील, पोर्टवरून मजकूर व फाइली पाठवणारा प्रोग्रॅम) उघडून कॉम-१ निवडावा, फ्लो कंट्रोल (पाठवणी थांबवण्या-सोडण्याचे नियंत्रण) ‘नन’ ठेवावा आणि पोर्टची रुंद बाजू वर धरून वरच्या ओळीतील डावीकडून दुसरी व तिसरी पिन तांब्याच्या बारीक तारेने जोडावी. आता टंकलेले अक्षर पडद्यावर उमटले आणि तार काढताच उमटेनासे झाले, तर पोर्ट शाबूत आहे. नव्या संगणकावर हीच चाचणी टेरा टर्म या तशाच प्रोग्रॅममध्ये घ्यावी.

त्यानंतर दोन्ही संगणक बंद करून, शक्यतो एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेऊन, केबल लावावी. अर्थिंग वेगवेगळे असल्यास दोहोंमधील विद्युतदाबाचा फरक केबलच्या ग्राउंडमधून वाहून पोर्ट जळू शकतो, आणि कारखान्यातील वायरिंगचा विचार करता ही खबरदारी अनाठायी नाही. दोन्हीकडे वेग १,१५,२००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट आणि फ्लो कंट्रोल हार्डवेअर, असे तंतोतंत सारखे ठेवावे. केबल तीनच तारांची असेल तर फ्लो कंट्रोल ‘नन’ ठेवून वेग ३८,४०० करावा. एका बाजूला टंकलेले दुसरीकडे दिसू लागले, की नव्या संगणकावर झेडमोडेम या फाइल पाठवण्याच्या प्रोटोकॉलने फाइल घेण्याची आज्ञा द्यावी आणि जुन्यावरून ‘झेडमोडेम विथ क्रॅश रिकव्हरी’ निवडून फाइल पाठवावी. दोन्ही बाजूंच्या प्रोग्रॅमांची साथ असेल, तर मध्येच वीज गेली तरी पाठवणी तुटलेल्या ठिकाणापासून पुढे सुरू करता येते, म्हणून अन्य प्रोटोकॉलच्या वाटेला जाऊ नये.

दोन्ही संगणक विंडोज ९५ किंवा ९८चे असल्यास त्यांतील ‘डायरेक्ट केबल कनेक्शन’ अधिक सोयीचे पडते: एक होस्ट (फाइली देणारा), दुसरा गेस्ट (घेणारा), नावे वेगळी, वर्कग्रुप व प्रोटोकॉल एकच आणि हवे ते फोल्डर शेअर केलेले. तेथे प्रिंटर पोर्टची २५ पिनांची केबलही चालते व ती सिरियलपेक्षा बरीच वेगवान असते. मात्र ती संगणक-संगणक जोडणीसाठीच बनवलेली हवी, प्रिंटरची नव्हे.

सर्व फाइली आल्यावर प्रत्येक झिप नव्या संगणकावर ‘टेस्ट’ करावी, काही डिझाइन्स प्रत्यक्ष उघडून रंग व आकार पडताळावेत आणि तोवर जुन्या डिस्कवरील काहीही पुसू नये.