लेगगार्ड बसवताय? मग या चुका टाळा

आमच्या अंबाजोगाईत दसऱ्याला नवी गाडी निघाली की हार सुकायच्या आत ती माझ्या गॅरेजच्या दारात येते. ‘मामा, लेगगार्ड टाका. लई जाड टाका.’ जाड कशाला म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘पायाला काही व्हायला नको.’

घोळ इथूनच सुरू होतो, आणि त्यातला अर्धा दोष नावाचा आहे. लेगगार्ड म्हणतो आपण, पण तो पाइप मुळात इंजिनासाठी असतो. उभी गाडी कलंडली, चिखलात दहाच्या स्पीडनं घसरली, तर इंजिनाची कव्हरं, गिअरचा दांडा आणि टाकी जमिनीला लागू नये, एवढंच त्याचं काम. गाडी थोडी अधांतरी राहते, त्यामुळे पाय खाली चेपत नाही, हा वरचा फायदा. समोरून जीप आली तर त्या पाइपाच्या भरवशावर राहू नका. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकानं लॉस एंजेलिस भागातले 900 मोटारसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते. 1981 च्या त्यांच्या अहवालात क्रॅश बारबद्दल, म्हणजे आपल्या याच लेगगार्डबद्दल, लिहिलंय की पाऊल आणि घोटा जेवढा वाचतो, तेवढीच गुडघ्याची, नडगीची आणि मांडीची इजा वाढते. हे सांगितलं की पोरं म्हणतात, ‘ते अमेरिकेचं झालं, मामा.’ अरे, हाड तिकडं बी हाडच असतंय.

आता माझं खरं दुखणं. गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्याकडून गार्ड वेल्डिंग करून आणायचं आणि इंजिनाच्या एकाच बोल्टला लटकवायचं. वर फ्रेमला क्लॅम्प नाही, डावी-उजवी बाजू एकमेकींना जोडलेली नाही. असं एक गार्ड मी एका पोराच्या 125 च्या गाडीला पाहिलं, ऑइल बदलायला आला होता तेव्हा. म्हटलं, ‘बाबा, हे काढ नाहीतर वरून बांधून घे.’ तो म्हणाला, ‘पुढच्या टायमाला बघू, मामा. कारखान्यावर जायचंय, उशीर व्हायलाय.’

जानेवारीचे दिवस, ऊसतोडीचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमधून ऊस रस्त्यावर सांडतो, चाकाखाली त्याचा चोथा होतो आणि पहाटेच्या दवानं तो साबणासारखा निसरडा होतो. वळणावर त्या पोराची गाडी पंधरा-वीसच्या स्पीडला आडवी झाली. पोराला खरचटण्यापलीकडे काही नाही. गार्डही जागच्या जागी, जराही वाकलेलं नाही. तुटला तो इंजिनाचा कान, म्हणजे बोल्ट ज्यातून जातो तो केसिंगचा (इंजिनाच्या बाहेरच्या कवचाचा) भाग. जाड पाइप वाकला नाही, मग धक्का जाणार कुठं? पहारीसारखा जोर लागून तो सगळा ॲल्युमिनियमच्या कानावर गेला. चीर खाली ऑइलपर्यंत गेली होती. गार्ड पडलं होतं 600 रुपयांना. केसिंग बदलायचं म्हणजे इंजिन पूर्ण खोलायचं. वर इंजिन नंबर त्या केसिंगवरच ठोकलेला असतो आणि नवं केसिंग कोरं येतं, म्हणजे आरटीओच्या चकरा आल्याच. शेवटी अर्गन वेल्डिंगवर भागवलं. ती गाडी समोरून गेली की माझी नजर अजून त्या सांध्याकडे जाते.

म्हणून माझी सवय सांगतो. गार्ड गाडीच्या मॉडेलचंच घ्या, ज्याचे कान फ्रेमवरच्या भोकांना आपोआप बसतात. भोक जुळत नाही म्हणून पहार लावून ताणायचं नाही. ताणून बसवलेलं गार्ड रोज थोडं थोडं बोल्ट खातं. गार्डची पट्टी मध्ये आली की कंपनीचा बोल्ट आखूड पडतो, तिथं लांब बोल्टच हवा. नटाबाहेर दोन आटे दिसले नाहीत तर मी गाडी दारातून सोडत नाही. इंजिनाचा बोल्ट काढायचा झाला तर खाली जॅक लावून, एका वेळी एकच. आधी सगळे नट हातानं, मग पान्यानं. घट्ट झाल्यावर नटावर नेलपॉलिशचा ठिपका. बायको हसते, पण 200 किलोमीटरनंतर ठिपका सरकलेला दिसला की नट ढिला झाल्याचं लांबूनच कळतं.

दुसरी चूक बुलेटवाल्यांची : गार्डवर पाय पसरून चालवणं. हायवे बार ही चीज अमेरिकेतल्या लांबच लांब सरळ रस्त्यांसाठी आली. तासन्‌तास एकाच बैठकीत गुडघे आखडतात, म्हणून पाय पुढं टेकवायची सोय. आपल्याकडं रेणापूरच्या अलीकडं मीही एकदा हा शौक केला. रिकामा रस्ता, पाय वर, मजेत. पट्टे न मारलेला स्पीडब्रेकर दिसला तेव्हा उजवा पाय मागच्या ब्रेकवर आणायला गेलो, तर चपलेची टाच पाइपात अडकली. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. पाय सुटेपर्यंत स्पीडब्रेकर मागं पडला होता आणि मी टाकीवर बसलो होतो. तेव्हापासून पाय आखडले की चहाच्या टपरीवर थांबतो.

बाकीच्या चुका पटापट. दुधाचे कॅन गार्डला अडकवू नका. हँडल एका बाजूला ओढतं आणि वेल्डिंगचे सांधे फुटतात. बसवल्यावर हँडल दोन्हीकडं पूर्ण फिरवून बघा, मग दोघं बसून पुढचं शॉकअप दाबून बघा, चाक कुठं घासतं का ते. फार रुंद आणि खाली उतरलेलं बटरफ्लाय, म्हणजे फुलपाखराच्या पंखांसारखं पसरलेलं गार्ड, मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर जमिनीला टेकतं, आणि टेकलं की चाकाची पकड सुटते. फॉगलाइट लावलेत तर रिले टाका, म्हणजे दिव्याचा करंट हँडलवरच्या बटणातून जात नाही. वायर पाइपाला चिकटपट्टीनं गुंडाळायची पद्धत मला बघवत नाही. पावसात शेतातून आलात की गार्ड आणि इंजिनाच्या मधली काळी माती काढा. ती वाळून दगड होते आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचा श्वासच बंद होतो. रेडिएटरची गाडी असेल तर त्याच्यासमोर पत्रा किंवा जाहिरातीची पाटी लावायचा विचारही नको.

एक राहिलंच. मोठं गार्ड शोभून दिसावं म्हणून मागचं साडीगार्ड काढून टाकणारे महाभाग आहेत. मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं असलं पाहिजे, हे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 123 व्या नियमात आहे. मागं बसलेल्या आईचा पदर चाकात गेला तर पुढचा पाइप काय करणार? असं गिऱ्हाईक आलं की मी आधी साडीगार्ड बसवतो, मग बाकीचं बोलतो.

आणि वाकलेलं गार्ड हातोड्यानं सरळ करून पुन्हा लावू नका. पाइप एकदा वाकला की त्या जागी कमजोर होतो, पुढच्या वेळी तिथंच मोडतो आणि मोडलेलं टोक पोटरीत शिरतं. मागच्याच आठवड्यात एक जण म्हणाला, ‘मामा, दोन घाव घाला की, तेवढ्यासाठी काहून नवीन घ्यायचं?’ मी हातोडा उचलून आतल्या खोलीत ठेवून आलो.