शेवाळ खाणारे जीव आणण्याआधी

दुकानात जायच्या आधी माशांच्या टाकीसमोर दहा मिनिटं बसा आणि काचेवर बोट फिरवून बघा. तपकिरी पूड असेल आणि बोट लागताच पुसली जात असेल, तर ते डायटम, म्हणजे एक सूक्ष्म तपकिरी शेवाळ. नव्या टाकीत ते पहिल्या काही आठवड्यांत येतंच आणि बहुतेक वेळा आपसूक जातं. नखानेही न निघणारे हिरवे ठिपके असतील तर ते खायला गोगलगाय लागते. पानांच्या कडेला काळ्या केसांचे झुबके, म्हणजे ज्याला आपण काळी दाढी म्हणतो ते, फार थोडे जीव खातात. निळसर हिरवा बुळबुळीत थर सालीसारखा सोलून येत असेल आणि त्याला कुबट वास असेल, तर ते शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू. त्याला कोणीच तोंड लावत नाही. पाणीच हिरवं झालं असेल तरी पुढे सांगितलेला एकही जीव ते स्वच्छ करणार नाही.

म्हणून खरेदीच्या यादीत जीवाच्या वर दिव्याचा टायमर लिहा. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. आपल्याकडे टाकी बहुधा हॉलमध्ये, खिडकीजवळ असते आणि दुपारचं ऊन तासभर तिच्यावर येतं. पडदा लावा किंवा टाकी हलवा. खाणंही कमी करा, कारण उरलेलं खाणं कुजून शेवाळाचंच खत होतं.

आता टाकी मोजा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच म्हणजे हिशेबाने 56 लिटर, पण वाळू-दगड जाऊन हाताला लागतं 45-50 लिटर पाणी. एवढ्या पाण्यात सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा मासा, नको. दुकानात तो बोटाएवढा दिसतो, पुढे फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो. मोठा झाल्यावर लोक त्याला नदीत किंवा तळ्यात सोडून येतात, आणि याच सकरांनी केरळपासून बंगालपर्यंत पाणवठे व्यापले आहेत. आपल्या गोव्यातल्या मये तलावात किंवा साळ नदीत सोडायची वेळ येईल असा जीव घरी आणूच नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो. त्याच जातकुळीतला ब्रिसलनोज त्यापेक्षा लहान राहतो, तरी त्यालाही याच्या दुप्पट टाकी द्यावी. ‘अल्गी ईटर’ या नुसत्या नावाखाली मिळणारा मासा बहुधा चायनीज अल्गी ईटर असतो. लहानपणी तो शेवाळ खातो, मोठेपणी दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटतो. काळी दाढी खाणारा सयामीज अल्गी ईटर वेगळा, पण तोही 14-15 सेंटिमीटर होतो.

सत्तरी-सांग्याच्या ओढ्यांत दगडाला चिकटून बसणारा आपला मळ्या मासा बघून मोह होतो. त्याचं शास्त्रीय नावही गारा मुल्या, 1839 मध्ये सायक्स या इंग्रज सेनाधिकाऱ्याने नोंदवलेलं. पण त्याला धावतं, गार पाणी लागतं, आणि अभयारण्यातून कोणताही जीव उचलणं गुन्हा आहे. त्याला तिथेच राहू द्या.

लहान टाकीला उरतात तीन: नेराइट गोगलगाय, चेरी श्रिंप (लहान लाल कोळंबी) आणि ओटो हा छोटा मासा.

त्यांच्यासाठी खरी तयारी पाण्याची. विहीर जांभ्यातली असेल तर पाणी बहुधा मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आणि किंचित आम्लधर्मी असतं. ताजं पाणी लगेच तपासू नका. बादलीत रात्रभर ठेवा, विरलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाऊ द्या, मग पीएच आणि कठीणपणा बघा. फोंड्याला आमच्या विहिरीच्या पाण्यात मी पहिली नेराइट ठेवली, तेव्हा दोन महिन्यांत तिच्या शंखाचं टोक पांढरं पडलं आणि त्यावर सुईने टोचल्यासारखे खड्डे आले. शंखाचा चुना पाण्यातच विरघळत होता. तेव्हापासून घरात तिसऱ्या रांधल्या की त्यांच्या मूठभर शिंपल्या मी बाजूला काढतो, उकळतो, घासतो, उन्हात वाळवतो आणि जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवतो. पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर समुद्रफेण (कटलफिशचं पांढरं हाड) सापडतं, तेही चालतं. ते आठवडाभर गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलत, भिजवा म्हणजे मीठ निघून जाईल. पाणी हळूहळू कठीण होतं, म्हणून हे जीव आणायच्या तीन आठवडे आधी सुरू करा. जुना शंख भरून येत नाही, पण ओठाकडचा नवा भाग गुळगुळीत वाढतो.

नळाचं पाणी, म्हणजे फोंडा-पणजीकडे ओपा जलशुद्धीकरण केंद्राचं, वापरत असाल तर त्यातलं क्लोरीन घालवणारं अँटी क्लोरीन घ्या.

ओटोची गोष्ट वेगळी. हा 4-5 सेंटिमीटरचा मासा नव्या टाकीत उपाशी मरतो. काचेवर आणि पानांवर बारीक थर जमलेली, निदान तीन-चार महिने चाललेली टाकी त्याला लागते. एकटा ठेवू नये, सहा तरी हवेत. ते बहुतेक निसर्गातून पकडलेले असतात आणि दुकानात पोचेपर्यंत कित्येक दिवस उपाशी असतात. काचेला चिकटलेला असताना त्याचं पोट बघा. पोट गोल, भरलेलं हवं. दोन्ही बाजूंनी आत गेलेलं असेल तर तो घरी येऊनही वाचत नाही. मी अशी आत गेलेली पोटं दिसूनही पाच ओटो आणले होते आणि दहा दिवसांत पाचही गेले. आता मी दुकानदाराला आधी खाणं घालायला सांगतो, ते खाताना बघतो आणि मगच घेतो. एप्रिल-मेमध्ये तर आणूच नका. आपल्याकडे पाणी तिशीच्या वर जातं, त्यातला प्राणवायू उतरतो, आणि हवा दमट असल्यामुळे पंख्याने एखाद-दोन अंशच फरक पडतो. डिसेंबर-जानेवारी बरा.

चेरी श्रिंप घेणार असाल तर टाकीत एंजल, गुरामी किंवा बेटा नको, हे मासे श्रिंप खातात. मॉस या पाणवनस्पतीचा एक झुबका ठेवा, पिल्लांना लपायला. औषधाच्या बाटलीवर कॉपर लिहिलेलं असेल तर ती श्रिंप-गोगलगाईच्या टाकीत कधीच नाही. पावसाळ्यात घरात डासांचा स्प्रे मारला जातो. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणून त्या खोलीत स्प्रे नको, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. वीज जाते त्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप घ्या. झाकणही घट्ट हवं, नेराइट रात्री काच चढून बाहेर येतात. त्यांची पांढरी अंडी काचेवर दिसतील. गोड्या पाण्यात ती उबत नाहीत, म्हणून संख्या वाढायची भीती नाही. 50 लिटरला दोन नेराइट आणि दहा चेरी, एवढ्यावर सुरुवात करा. पाण्याच्या तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्यं शून्य दिसल्याशिवाय मात्र काहीच आणू नका. टाकी भरल्यापासून त्याला चार ते सहा आठवडे लागतात.

आणायच्या दिवशी दिवा बंद ठेवा. पिशवीतलं पाणी भांड्यात ओता आणि बारीक नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी थेंब थेंब सोडा, दीड-दोन तास. मग जाळीने जीव टाकीत सोडा, दुकानातलं पाणी फेकून द्या.

काच स्वच्छ झाली की हे जीव उपाशी पडतात. तवशाची (काकडीची) किंवा दुधीची पातळ चकती दोन मिनिटं उकळत्या पाण्यात धरून, गार करून, संध्याकाळी तळाशी ठेवा आणि सकाळी उरलेली काढून घ्या. चवथीला चार-पाच दिवस गावी जाणार असाल तर चकती ठेवून जाऊ नका, ती कुजेल. मागची काच आठवडाभर आधीपासून घासू नका. तेवढं शेवाळ त्यांना पुरतं.