माणूस समोर नसताना नोटरीने शिक्का मारला, तर तक्रार कशी करावी?

माझी मावशी निवृत्त शिक्षिका आहे. नागपुरातल्या वडिलोपार्जित घराच्या आखीव पत्रिकेवरून (म्हणजे प्रॉपर्टी कार्डावरून) तिचं नाव कमी करण्याच्या अर्जाला ‘माझी हरकत नाही’ असं तिच्या नावाचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं निघालं. खाली सही, नोटरीचं तिकीट, गोल शिक्का, सगळं जागच्या जागी. तारीख वाचून मावशी म्हणाली, “त्या दिवशी मी त वर्ध्याच्या दवाखान्यात भरती होती ना रे. नागपूरले कशी येईन?”

अशा वेळी काय करायचं, ते आम्ही धक्के खात शिकलो.

आधी नोटरीचं काम समजून घ्या. नोटरी अधिनियम १९५२ च्या कलम ८ प्रमाणे नोटरी शपथ देतो, प्रतिज्ञापत्र घेतो, दस्तावर सही झाल्याचं साक्षांकन करतो, भाषांतर प्रमाणित करतो. प्रतिज्ञापत्रातला मजकूर खोटा असेल, तर त्याची जबाबदारी मुख्यतः ते करणाऱ्यावर येते. पण सही करणारा माणूस समोर होता आणि त्याची ओळख पटली, ही हमी नोटरीचीच. शिक्क्याला किंमत आहे ती एवढ्यासाठी. नोटरीपुढे लग्न होत नाही, घटस्फोटही होत नाही. केंद्राच्या विधी कार्य विभागाने २०२४ मध्ये हे पुन्हा बजावलं आहे. नुसत्या नोटरी केलेल्या कागदावर प्लॉटची मालकीही येत नाही, त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रारकडे) नोंदणीच लागते. आपल्याकडे ले-आउटमधले कितीतरी प्लॉट अशा कागदांवर हातोहात फिरले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पहिलं काम, शिक्का नीट वाचा. नियमाप्रमाणे तो गोल आणि ५ सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्यावर नोटरीचं नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि त्याला कोणत्या सरकारने नेमलं ते असतं. केंद्राने की राज्याने, यावर तक्रारीचा पत्ता ठरतो. नोटरीचं प्रमाणपत्र ५ वर्षांचं असतं, त्यामुळे दस्ताच्या तारखेला ते चालू होतं का तेही पाहा. दरवर्षी जानेवारीत नोटरींची यादी राजपत्रात निघते. माणूस मुळात नोटरीच नसेल, तर कलम १२ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

दुसरं काम सगळ्यात मोलाचं, ते म्हणजे नोंदवही. प्रत्येक नोटरीला ठरलेल्या नमुन्यात ती ठेवावी लागते. तीत अनुक्रमांक, तारीख, कामाचा प्रकार, घेतलेली फी आणि संबंधित व्यक्तीची सही असते. दस्तावर टाकलेला अनुक्रमांक घेऊन जा, लेखी अर्ज द्या आणि ती ओळ दाखवायला सांगा. आमच्यासमोर वही फिरवली गेली, तेव्हा मावशीच्या नावापुढे अंगठा होता. जिने आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासून सह्या केल्या, तिचा अंगठा! आणि प्रतिज्ञापत्रावर मात्र सही. वही दाखवायला नकार मिळाला, तर तो कोणत्या दिवशी मिळाला तेही तक्रारीत लिहा. फीची पावती मिळाली नसेल, तर तेही लिहा. पावती देणं नियमानेच बंधनकारक आहे.

मग स्वतःचा पुरावा गोळा करा. मावशीचं डिस्चार्ज कार्ड आमच्या कामी आलं. त्या दिवशीचं रेल्वेचं तिकीट, कामावरची हजेरी, बँकेतला सहीचा नमुना, यातलं जे असेल ते घ्या. जोडायच्या छायांकित प्रती, मूळ कागद घरी.

तक्रार साध्या पत्रावर पाठवू नका. नोटरी नियम १९५६ च्या नियम १३ खाली ती नमुना १३ मध्येच द्यायची असते, नाहीतर दुरुस्तीसाठी परत येते. नोटरीने नेमकं काय केलं किंवा काय केलं नाही, आणि त्याचा पुरावा कोणता, या दोन गोष्टी तीत हव्याच. ‘फसवणूक केली’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक तारखेला मी वर्ध्यात दाखल होते, तरी माझ्या उपस्थितीत सही झाल्याचं साक्षांकन केलं’ असं लिहा. राज्याचा नोटरी असेल, तर तक्रार मुंबईला मंत्रालयातल्या विधि व न्याय विभागाकडे, केंद्राचा असेल तर दिल्लीला विधी कार्य विभागाकडे. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा.

सरकार साधारण ६० दिवसांत तक्रारीची प्रत नोटरीला पाठवतं आणि उत्तराला १४ दिवस देतं. सकृद्दर्शनी तथ्य वाटलं तर चौकशी होते. दोष ठरला तर ताकीद, काही काळ निलंबन किंवा प्रमाणपत्र रद्द करून कायमची बंदी.

खोटी सही करणाऱ्याविरुद्ध पोलिसांत जा, जरूर जा. पण नोटरीने नोटरी म्हणून केलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालय सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच घेतं, असं कलम १३ सांगतं. म्हणूनच नमुना १३ टाळून चालत नाही.

आणि या तक्रारीने तो कागद आपोआप रद्द होत नाही. आम्ही आधी आखीव पत्रिका ठेवणाऱ्या नगर भूमापन कार्यालयात लेखी हरकत दिली, तीही त्याच दिवशी. दस्त रद्द करून घ्यायला दिवाणी न्यायालयात दावा लागतो, आणि त्याची मुदत माहिती कळल्यापासून ३ वर्षं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. मावशीला वकील तिथूनच मिळाला.